आभाळ बंद, सराव चालू: पीएचडी२च्या सिम्युलेटरवर ऑटोगायडिंग शिकण्याची पद्धत

जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात आणि गोव्यात दुर्बीण कपाटातच असते. ऑक्टोबरात आभाळ मोकळं झालं की अमावस्येच्या आसपासच्या मोजक्या रात्री हाती येतात, आणि त्यातला बराच वेळ ‘ग्राफ असा का उड्या मारतोय?’ याच प्रश्नात जातो. हा ग्राफ ऑटोगायडिंगचा: लांब एक्स्पोजरच्या फोटोत तारे ठिपक्यांसारखे राहावेत म्हणून सॉफ्टवेअर एका ताऱ्यावर नजर ठेवतं, माउंटला म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्राला बारीक दुरुस्त्या देतं, आणि ताऱ्याचं सरकणं ग्राफवर काढतं. या प्रश्नाची तयारी करायला आभाळ लागत नाही. पीएचडी२ या मोफत, मुक्तस्रोत ऑटोगायडिंग सॉफ्टवेअरमध्ये कृत्रिम कॅमेरा, कृत्रिम तारे आणि कृत्रिम माउंट आतच दिलेलं आहे. एक लॅपटॉप पुरतो.

बहुतेक जण हा सिम्युलेटर एकदा उघडतात, बटणं कुठं आहेत ते पाहतात आणि बंद करतात. त्याचा खरा उपयोग त्यापुढे सुरू होतो. खऱ्या माउंटवर ग्राफ बिघडला की कारणं एकदम चार-पाच असतात: ध्रुवीय जुळणीतली (माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखण्यातली) चूक, गिअरमधला बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी दातांची ढिलाई), वारा, ताणली गेलेली केबल, खराब सीइंग (हवेमुळे होणारी ताऱ्याची थरथर). त्यातल्या कशाचा वाटा किती, हे ग्राफकडे बघून नवशिक्याला सांगता येत नाही. सिम्युलेटरमध्ये दोष तुम्ही स्वतः घालता, एका वेळी एकच घालता, आणि त्याचा आकडा तुम्हाला आधीच माहीत असतो. त्यामुळे सॉफ्टवेअरनं काढलेलं उत्तर पडताळता येतं आणि त्या दोषाची ग्राफवरची खूण नजरेत बसते. खालचे सगळे प्रयोग याच पद्धतीनं मांडले आहेत.

आधी वेगळं प्रोफाइल

ही पायरी टाळू नका. पीएचडी२ कॅलिब्रेशन, डार्क लायब्ररी (झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेमचा संच), अल्गोरिदमचे आकडे, सगळं प्रोफाइलमध्ये साठवतं. खऱ्या उपकरणांच्या प्रोफाइलमध्येच कॅमेरा बदलून सिम्युलेटर लावला, तर कमावलेले आकडे सरावाच्या आकड्यांनी पुसले जातात. म्हणून यूएसबीच्या चिन्हावर क्लिक करून उपकरणांची खिडकी उघडा, ‘मॅनेज प्रोफाइल्स’मधून नवीन प्रोफाइल करा आणि त्याला ‘सराव’ असं साधं नाव द्या. त्याच यादीत प्रोफाइल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करायची सोय आहे. खऱ्या प्रोफाइलची एक प्रत आत्ताच काढून ठेवा.

नवीन प्रोफाइलमध्ये गाइड स्कोपचं (गायडिंगसाठीच्या छोट्या दुर्बिणीचं) नाभीय अंतर आणि पिक्सेलचा आकार विचारला जातो. इथं तुमच्या खऱ्या गाइड स्कोपचे आकडे भरा. सिम्युलेटर आर्कसेकंदांचं पिक्सेलमध्ये रूपांतर याच आकड्यांवरून करतो, त्यामुळे सरावातले तारे तुमच्या खऱ्या गाइड कॅमेऱ्यावर हलतील तेवढेच हलतात. सूत्र असं: मायक्रॉनमधला पिक्सेलचा आकार गुणिले २०६.२६५, भागिले मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. ३.७५ मायक्रॉनचा कॅमेरा २०० मिमीच्या गाइड स्कोपवर असेल तर एका पिक्सेलमध्ये ३.८७ आर्कसेकंद येतात. पुढची सगळी उदाहरणं याच जोडीवर आहेत; तुमचे आकडे वेगळे असतील तर तेवढा गुणाकार बदला.

जोडणी, आणि एक नेहमीचा सापळा

कॅमेऱ्याच्या यादीत ‘सिम्युलेटर’ निवडा आणि माउंटच्या यादीत ‘ऑन-कॅमेरा’. कृत्रिम कॅमेऱ्याला जोडलेलं कृत्रिम माउंट तेच. विंडोजवर अनेकांकडे दुर्बिणी आणि सॉफ्टवेअर जोडणाऱ्या अ‍ॅस्कॉमचा टेलिस्कोप सिम्युलेटर असतो आणि माउंट म्हणून तो निवडायचा मोह होतो. मग गायडिंगचे पल्स (माउंटला दिलेले छोटे हुकूम) अ‍ॅस्कॉमच्या सिम्युलेटरकडे जातात, पीएचडी२च्या कॅमेऱ्यातल्या ताऱ्यांना त्यांचा पत्ताच नसतो, आणि कॅलिब्रेशन ‘तारा पुरेसा हलला नाही’ असं सांगून थांबतं. दोन वेगळे सिम्युलेटर एकमेकांशी बोलत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

अ‍ॅस्कॉमचा सिम्युलेटर वापरायचाच असेल तर तो ‘ऑक्स माउंट’च्या जागी लावा. तिथं तो फक्त दुर्बीण कुठं रोखलेली आहे ते सांगतो, पल्स घेत नाही. तो नसेल तर त्याच यादीत निर्देशांक हाताने विचारणारा पर्याय आहे. पहिल्या दिवशी दोन्ही नसले तरी चालतं.

आता सगळं कनेक्ट करा, गोल बाणाच्या बटणानं लूपिंग सुरू करा. काळ्या चौकटीत तारे दिसतील. टूलबारवर मेंदूच्या चित्राशेजारी कॅमेऱ्याच्या सेटिंगचं बटण आहे. ते दाबलं की सिम्युलेटरची खिडकी उघडते. आपली प्रयोगशाळा म्हणजे ही खिडकी. ताऱ्यांची संख्या, हॉट पिक्सेल (कायम उजळ राहणारे ठिपके), नॉइज, डेकमधला बॅकलॅश, डेकचा ड्रिफ्ट (एकाच दिशेनं संथ सरकणं), आवर्ती चूक, गाइड रेट, कॅमेऱ्याचा कोन, सीइंग, ढग असे सगळे दोष इथं ओळीनं मांडलेले आहेत. विषुवांशाच्या (पूर्व-पश्चिम) अक्षाला मी आरए म्हणेन आणि क्रांतीच्या (उत्तर-दक्षिण) अक्षाला डेक, कारण स्क्रीनवरही तेच दिसतं.

सुरुवातीला सगळे दोष शून्यावर आणा: बॅकलॅश ०, ड्रिफ्ट ०, आवर्ती चूक बंद, ढग ०. सीइंग अगदी कमी ठेवा. गाइड रेट (दुरुस्तीचा वेग, ताऱ्यांच्या वेगाच्या पटीत) ०.५ करा, कारण बरीच माउंट त्याच वेगावर चालवली जातात. तारे सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतात. त्याचा निम्मा म्हणजे सेकंदाला साडेसात आर्कसेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढं परत परत लागणार आहे.

कॅलिब्रेशन: घाई करू नये अशी पायरी

कॅलिब्रेशनमध्ये सॉफ्टवेअर दोन गोष्टी शिकतं: कॅमेऱ्याच्या चौकटीत आरए आणि डेक कोणत्या दिशेला आहेत, आणि एका मिलिसेकंदाच्या पल्सनं तारा किती सरकतो. गायडिंगचा सगळा हिशेब या दोन गोष्टींवर उभा असतो.

मेंदूच्या चित्रावर क्लिक करून गायडिंगच्या भागात कॅलिब्रेशन स्टेपचा आकडा बघा. त्याशेजारचा कॅल्क्युलेटर वापरा, पण एकदा हातानंही करून पाहा. तारा एकूण २५ पिक्सेल हलावा आणि ते साधारण १२ पावलांत व्हावं, ही अपेक्षा असते. आपल्या जोडीत २५ पिक्सेल म्हणजे सुमारे ९७ आर्कसेकंद. बारा पावलं म्हणजे प्रत्येकी सुमारे ८ आर्कसेकंद. साडेसातच्या वेगानं त्याला सुमारे १,०७५ मिलिसेकंद लागतात. कॅल्क्युलेटरचा आकडा याच्या आसपास असायला हवा. फार लांब आला तर नाभीय अंतर, पिक्सेलचा आकार किंवा गाइड रेट यांपैकी काहीतरी चुकीचं भरलेलं आहे. खऱ्या उपकरणांवरही ही चूक सर्रास होते, आणि ती घरी बसून पकडता येते.

आता तारा निवडा. त्याच्याभोवती हिरवी चौकट येते. मग गायडिंगचं बटण दाबा. आधीचं कॅलिब्रेशन बाजूला ठेवून नवीन करायचं असेल तेव्हा शिफ्ट धरून दाबायचं. पिवळ्या तुटक रेषा दिसतात आणि खालच्या पट्टीत पावलं मोजली जातात: आधी पश्चिम, मग पूर्वेला परत, मग बॅकलॅश काढण्याची पावलं, मग उत्तर आणि शेवटी दक्षिण. रेषा हिरव्या आणि अखंड झाल्या की गायडिंग सुरू झालं.

इथं थांबून कॅलिब्रेशनचा निकाल उघडून बघा. आरए आणि डेकचे ठिपके जवळपास काटकोनात, सरळ ओळीत आणि सारख्या अंतरावर दिसतील. दोन्ही अक्षांचा वेग सेकंदाला साडेसात आर्कसेकंदांच्या जवळ असेल. हे चित्र नीट पाहून ठेवा. निर्दोष कॅलिब्रेशन असं दिसतं आणि खऱ्या माउंटवर ते इतकं स्वच्छ क्वचितच मिळतं.

मग त्यात बिघाड करा. बॅकलॅश २० आर्कसेकंद करून पुन्हा कॅलिब्रेट करा. उत्तरेला जाण्याआधी बॅकलॅश काढण्याची पावलं वाढतील, आणि दक्षिणेकडच्या परतीत पहिले काही ठिपके एकाच जागी साचतील, कारण पल्स जातो आहे पण गिअरचा दात अजून टेकलेला नाही. पुढच्या वेळी हेच चित्र खऱ्या माउंटवर दिसलं तर केबल बदलत बसायची गरज पडणार नाही. नंतर कॅमेऱ्याचा कोन बदलून कॅलिब्रेट करा. निकालातला कोनही तेवढाच फिरतो.

कोनाचा आणखी एक प्रयोग फार शिकवून जातो. कॅलिब्रेशन झालेलं असताना, पुन्हा न करता, कोन ३० अंशांनी बदला. गायडिंग चालू राहतं, पण आरएची दुरुस्ती थोडी डेकमध्ये सांडते आणि ग्राफ ढिला होतो. आता ९० अंशांनी बदला. प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या अक्षावर जाते आणि तारा चौकटीतून वळसे घेत बाहेर निघून जातो. गाइड कॅमेरा थोडा फिरवला तरी पुन्हा कॅलिब्रेट करा असं का सांगतात, ते यातून दिसतं.

ड्रिफ्ट आणि ध्रुवीय जुळणी

आपल्याकडे ध्रुवतारा खाली असतो. पुण्यात क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंश, पणजीत साडेपंधरा. इमारती, डोंगर आणि क्षितिजाजवळची धूळ यांत तो अनेक जागांवरून दिसतच नाही. त्यामुळे डेकच्या ड्रिफ्टवरून ध्रुवीय जुळणी ओळखण्याचं कसब इथल्या निरीक्षकाला फार उपयोगी पडतं.

बॅकलॅश शून्यावर आणा, ड्रिफ्ट मिनिटाला ५ आर्कसेकंद ठेवा, पुन्हा कॅलिब्रेट करा आणि टूल्समधून गायडिंग असिस्टंट सुरू करा. तो दुरुस्त्या थांबवतो आणि ताऱ्याला आपल्या वाटेनं सरकू देतो. दोन-तीन मिनिटांत ध्रुवीय चुकीचा अंदाज येईल. तो साधारण १९ आर्कमिनिटं असायला हवा, कारण खगोलीय विषुववृत्ताजवळ मिनिटाला एक आर्कसेकंद ड्रिफ्ट म्हणजे ३.८२ आर्कमिनिटं चूक. ड्रिफ्ट २ केला तर साडेसातच्या जवळपास येईल. दोन-तीन आकडे घालून ताडून बघा म्हणजे असिस्टंट हा अंदाज कशावरून काढतो ते पक्कं होईल. खऱ्या आभाळात मात्र हा आकडा ‘निदान एवढी तरी चूक आहे’ अशा अर्थानं वाचायचा. मध्यमंडलाजवळचा तारा दिगंशातली चूक दाखवतो, उंचीतली दाखवत नाही. तिच्यासाठी पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे खाली असलेला तारा घ्यावा लागतो.

असिस्टंट बंद करून नेहमीचं गायडिंग सुरू करा. ग्राफवर नेहमीच्या रंगांत आरए निळा आणि डेक लाल असतो. डेकच्या दुरुस्त्यांच्या उभ्या पट्ट्या जवळपास सगळ्या एकाच बाजूला पडतील. ड्रिफ्टची खूण ही. आकडे न बघताही ती ओळखता येते.

बॅकलॅश

ड्रिफ्ट ०, बॅकलॅश १५ आर्कसेकंद. कॅलिब्रेट करा आणि गायडिंग असिस्टंटमध्ये बॅकलॅश मोजण्याचा पर्याय चालू ठेवा. तो माउंटला बराच वेळ उत्तरेला नेतो, मग दक्षिणेला परत आणतो आणि परतीत किती पल्स वाया गेले ते मोजतो. आपलं उत्तर आधीच तयार आहे: १५ भागिले साडेसात, म्हणजे दोन सेकंद. असिस्टंटचा आकडा २,००० मिलिसेकंदांच्या आसपास आला पाहिजे.

आता सीइंग थोडं वाढवून गायडिंग करा. डेकमध्ये दिशा बदलली की तीन-चार दुरुस्त्या कोरड्या जातात, मग तारा एकदम हलतो, कधी पलीकडे जातो, आणि खेळ उलट्या दिशेनं सुरू होतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही इथं करून पाहता येतात. पहिला, असिस्टंटनं सुचवलेलं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन चालू करणं. ते चालू करून आकडा मुद्दाम दीडपट करा आणि डेकची रेघ दोन्ही बाजूंना कशी झोके घेते ते पाहा. अति कॉम्पेन्सेशन मूळ दोषाहून वाईट ठरतं.

दुसरा उपाय मला जुन्या, ढिल्या गिअरच्या माउंटसाठी जास्त विश्वासाचा वाटतो: थोडी ध्रुवीय चूक मुद्दाम राहू द्यायची आणि डेकमध्ये एकाच दिशेनं गायडिंग करायचं. ड्रिफ्ट २ ठेवा, डेकचा मोड ‘ऑटो’वर असताना दुरुस्त्या कोणत्या दिशेला जातात ते बघा, आणि मोड त्याच दिशेवर अडकवा. गिअर एकाच बाजूला टेकलेला राहतो आणि बॅकलॅशला संधीच मिळत नाही. डिदरिंग (दोन फोटोंच्या मधे दुर्बीण मुद्दाम थोडी सरकवणं) करताना मात्र डेकमध्ये उलट दिशेला परतायला वेळ लागतो. तिथं डिदर फक्त आरएमध्ये ठेवायचा.

आवर्ती चूक: तुमच्या माउंटचे आकडे घाला

वर्म गिअरची चूक दर फेऱ्याला परत येते. फेऱ्याचा काळ काढायला ८६,१६४ सेकंदांच्या नाक्षत्र दिवसाला वर्म व्हीलच्या दातांनी भागा. १८० दातांच्या ईक्यू६ प्रकारच्या माउंटला ४७९ सेकंद येतात, १३५ दातांच्या एचईक्यू५ला ६३८.

सिम्युलेटरमध्ये आवर्ती चूक चालू करून स्वतःचे आकडे द्यायचा पर्याय घ्या: आयाम १० आर्कसेकंद, काळ ४७९ सेकंद. असिस्टंट निदान एक पूर्ण फेरा, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त चालू ठेवा. दोन मिनिटांत थांबवलात तर लाटेचा एक तुकडाच हाती लागतो आणि तो सरळ ड्रिफ्टसारखा दिसतो. खऱ्या रात्री कंटाळून असंच थांबवलं जातं.

आता थोडा हिशेब. अशी लाट सर्वांत तीव्र उताराच्या जागी सेकंदाला सुमारे ०.१३ आर्कसेकंदानं सरकते. दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये पाव आर्कसेकंद, म्हणजे आपल्या जोडीवर एका पिक्सेलचा चौदावा-पंधरावा भाग. अशा संथ चुकीसाठी अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर घेऊन ताऱ्यामागे धावण्यात काही अर्थ नाही. हार्मोनिक ड्राइव्हचं (वर्मऐवजी लवचीक गिअर असलेल्या माउंटचं) गणित वेगळं. काळ २८८ सेकंद आणि आयाम २० घाला: उतार सेकंदाला ०.४४ आर्कसेकंदाच्या घरात जातो आणि दोन सेकंदांत तारा जवळजवळ ०.९ आर्कसेकंद निसटतो. या माउंटवर अर्ध्या ते एक सेकंदाचं एक्स्पोजर का सुचवतात ते या आकड्यांत आहे. दोन्ही लाटांवर ०.५, १, २ आणि ४ सेकंद अशी एक्स्पोजर लावून आरएचा आरएमएस (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) लिहून काढा. प्रत्यक्षात हार्मोनिक माउंटची लाट इतकी गुळगुळीत नसते, त्यामुळे खरी गरज याहून थोडी कडकच समजा.

याच सेटिंगवर आरएचा अल्गोरिदम ‘प्रेडिक्टिव्ह पीईसी’ करून बघा. तो लाटेचा काळ शिकतो आणि चूक दिसायच्या आधीच पल्स द्यायला लागतो. पहिल्या फेऱ्यात फरक जाणवत नाही. दोन फेरे होऊ द्या, म्हणजे तो काय करतो ते दिसेल.

सीइंगचा पाठलाग

एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. गायडिंग बिघडवणारं सर्वांत मोठं कारण नवशिक्याच्या हातूनच घडतं, आणि ते खऱ्या आभाळात सिद्ध करून दाखवणं जवळपास अशक्य आहे.

ड्रिफ्ट, बॅकलॅश आणि आवर्ती चूक शून्य करा. माउंट आता परिपूर्ण आहे, त्याला दुरुस्तीची गरजच नाही. सीइंग ४ करा. आरएचा अल्गोरिदम हिस्टरेसिस ठेवा, अ‍ॅग्रेसिव्हनेस (चुकीचा किती भाग दुरुस्त करायचा) १०० टक्के, हिस्टरेसिस (आधीच्या दुरुस्तीचा वाटा) शून्य, मिनिमम मूव्ह (दुरुस्ती करण्याजोगं किमान सरकणं) शून्य. म्हणजे तारा तसूभर हलला तरी पूर्ण दुरुस्ती. दोनशे फ्रेम होऊ द्या आणि आरएचा आरएमएस लिहा.

मग मेंदूच्या खिडकीत माउंटला पल्स पाठवण्याची खूण काढून टाका. गायडिंगचा ग्राफ चालू राहतो, पण दुरुस्ती जात नाही. आणखी दोनशे फ्रेम, आणखी एक आकडा.

दुसरा आकडा लहान येईल. गायडिंग बंद केल्यावर ‘गायडिंग’ सुधारलं! कारण सोपं आहे. या फ्रेममधली ताऱ्याची थरथर हवेची आहे, माउंटची नाही. सॉफ्टवेअर ती माउंटची चूक समजून माउंट हलवतं. पुढच्या फ्रेममध्ये हवेची थरथर नवीन असते आणि आधीची चुकीची दुरुस्ती तिच्यात मिसळते. दोन स्वतंत्र थरथरी मिळून आरएमएस दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४१ पट होतो. तुमच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर याच्या जवळ येतंय का बघा. ७० टक्के अ‍ॅग्रेसिव्हनेसला हिशेबानं ते १.२४च्या आसपास उतरतं.

आता खूण परत लावा, अ‍ॅग्रेसिव्हनेस ७० आणि हिस्टरेसिस १० टक्के या मूळ आकड्यांवर आणा, आणि मिनिमम मूव्ह थोडा थोडा वाढवत जा. एका टप्प्यावर बहुतेक पट्ट्या गायब होतात आणि आरएमएस खाली येतो. त्यानंतर आवर्ती चूक परत चालू करा आणि तोच मिनिमम मूव्ह चालतो का ते पाहा. फार वाढवला असेल तर आता लाट निसटताना दिसेल. या दोन टोकांमधली जागा शोधणं म्हणजेच गायडिंग ट्यून करणं. ग्राफ सरळ दिसत नाही म्हणून अ‍ॅग्रेसिव्हनेस वाढवत राहण्याची सवय या प्रयोगानं सुटते, असा माझा ठाम अनुभव आहे.

ढग, मेरिडियन फ्लिप आणि फोटो काढणारं सॉफ्टवेअर

ढगांचा आकडा हळूहळू वर न्या. ताऱ्याचा एसएनआर (नॉइजच्या तुलनेत ताऱ्याचा प्रकाश) घसरतो, मग चौकट नारिंगी होते आणि तारा हरवल्याचा इशारा येतो. एकदम वाढवला तर ताऱ्याच्या तेजातल्या बदलामुळेही तो नाकारला जातो. ढग मागे घेतल्यावर सॉफ्टवेअर तोच तारा पुन्हा पकडतं का, की शेजारच्या हॉट पिक्सेलला तारा समजतं, ते पाहा. हॉट पिक्सेलची संख्या वाढवून हेच करून बघितलं की डार्क लायब्ररीची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

मेरिडियन फ्लिपसाठी (तारा मध्यमंडल ओलांडल्यावर दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला पलटवण्यासाठी) सिम्युलेटरच्या खिडकीत पिअरची बाजू पालटण्याचं बटण आहे. ऑक्स माउंट नसताना पीएचडी२ला बाजू बदलल्याचं कळत नाही. बटण दाबून गायडिंग सुरू ठेवा आणि तारा दुरुस्तीनं जवळ येण्याऐवजी कसा दूर पळतो ते पाहा. मग थांबून टूल्समधून कॅलिब्रेशन फ्लिप करा आणि पुन्हा सुरू करा. खऱ्या माउंटवर फ्लिपनंतर डेक पळायला लागला तर काय करायचं, त्याची तालीम झाली. काही माउंट फ्लिपनंतर डेकच्या पल्सची दिशा स्वतःच उलटवतात. त्याचीही खूण याच खिडकीत आहे. ती लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे फ्लिप करा.

फोटोसाठी निना वापरत असाल तर पूर्ण रात्रीची रंगीत तालीम घेता येते. पीएचडी२च्या टूल्समध्ये सर्व्हर चालू करा. तो ४४०० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. निनामध्ये तिचा स्वतःचा सिम्युलेटर कॅमेरा आणि अ‍ॅस्कॉमचा माउंट सिम्युलेटर जोडा, गायडर म्हणून पीएचडी२ द्या, आणि दर एका फ्रेमनंतर डिदर होईल असा छोटा सीक्वेन्स लावा. निनामधला डिदरचा आकडा गाइड कॅमेऱ्याच्या पिक्सेलमध्ये असतो, हे विसरलं जातं. मुख्य कॅमेरा ३.७६ मायक्रॉनचा आणि दुर्बीण ६०० मिमीची असेल तर तिथं एका पिक्सेलमध्ये १.२९ आर्कसेकंद येतात, म्हणजे गाइडचा एक पिक्सेल मुख्य कॅमेऱ्याच्या तीन पिक्सेलांएवढा. दोन पिक्सेलचा डिदर फोटोत सहा पिक्सेलांचा होतो आणि तेवढा पुरतो.

डिदरनंतर सेटलिंगची (तारा पुन्हा स्थिरावण्याची) अट पुरी होईपर्यंत पुढचा फोटो सुरू होत नाही. सीइंग ४ करून सेटलिंगची मर्यादा मुद्दाम फार कडक ठेवा, उदाहरणार्थ ०.१ पिक्सेल. प्रत्येक डिदर टाइमआउटपर्यंत रेंगाळेल. खऱ्या रात्री असे एक-दोन तास वाया जातात आणि सकाळी फोटो मोजल्यावर कळतं.

लिनक्सवर असाल तर

पीएचडी२चा हाच सिम्युलेटर लिनक्स आणि मॅकवरही आहे. शिवाय केस्टार्स या तारांगण सॉफ्टवेअरमधल्या इकोसमध्ये सिम्युलेटर्स नावाचं प्रोफाइल तयार मिळतं. त्यात इंडी या उपकरणं जोडणाऱ्या प्रणालीचा कृत्रिम माउंट आणि कॅमेरा एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे माउंट फिरवला की कॅमेऱ्यात त्या जागेचे तारे दिसतात. त्यासाठी जीएससी तारासूची बसवलेली असावी लागते, नाहीतर चौकट काळीच राहते. इंडीच्या कॅमेरा सिम्युलेटरमध्ये सीइंग, ध्रुवीय चूक आणि आवर्ती चुकीचा काळ हे आकडे देता येतात, म्हणजे वरचे बरेच प्रयोग तिथंही जमतात.

न सांगता घातलेला दोष

प्रयोग एकेक करून झाले की ओळखीच्या कुणाला तरी सिम्युलेटरच्या खिडकीत दोन आकडे तुम्हाला न दाखवता बदलायला सांगा आणि खिडकी बंद करायला लावा. तुम्ही फक्त ग्राफ, कॅलिब्रेशनचा निकाल आणि गायडिंग असिस्टंट यांवरून दोष कोणते आणि किती ते लिहून काढायचे, मग खिडकी उघडून जुळवायचं. पट्ट्या एका बाजूला असतील तर ड्रिफ्ट. डेकमध्ये कोरड्या पट्ट्या आणि मग झेप असेल तर बॅकलॅश. आरएमध्ये मिनिटांच्या अंतरानं येणारी लाट असेल तर आवर्ती चूक. दोन्ही अक्षांत सारखी, दर फ्रेमला वर-खाली होणारी करवत असेल तर सीइंगचा पाठलाग. मंडळाच्या पावसाळी बैठकीत प्रोजेक्टरवर हा कार्यक्रम सहज घेता येईल.

प्रत्येक सत्राची गाइड लॉग फाइल आपोआप साठते. विंडोजवर ती डॉक्युमेंट्समधल्या पीएचडी२च्या फोल्डरमध्ये मिळते आणि पीएचडी२ लॉग व्ह्यूअरमध्ये उघडते. प्रयोगाच्या फाइलला दोषाचं नाव देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ऑक्टोबरात खऱ्या लॉगशी ताडून बघायला याच फाइली लागतील.

सिम्युलेटरमध्ये मिळालेला आरएमएस, अ‍ॅग्रेसिव्हनेस किंवा मिनिमम मूव्ह खऱ्या प्रोफाइलमध्ये नेऊ नका. वारा, केबलची ओढ, गाइड स्कोपचं वाकणं, गिअर अडकून एकदम सुटणं, यांतलं काही या खिडकीत नाही. पहिल्या खऱ्या रात्री खरं प्रोफाइल उघडा, झाकण लावून डार्क लायब्ररी करा, मध्यमंडलाजवळ आणि खगोलीय विषुववृत्ताच्या वीस अंशांच्या आत असलेल्या ताऱ्यावर कॅलिब्रेशन करा. मग काहीही बदलण्याआधी गायडिंग असिस्टंट वर्मचा एक पूर्ण फेरा चालू द्या, आणि ड्रिफ्ट, बॅकलॅश आणि आरएची लाट हे तीन आकडे वहीत लिहा. तेच आकडे घरी ‘सराव’ प्रोफाइलमध्ये घालून पुढचा आठवडा ट्यूनिंग करता येतं.